सांधा सुजला, शिक्षा ताटाला

मुलाचा गुडघा सुजला की मराठी घरात पहिली झडती स्वयंपाकघराची होते. दही बंद, ताक बंद, चिंच-लिंबू बंद. वांगे, वाटाणा, हरभऱ्याची डाळ ही मंडळी वातूळ, म्हणून तीही बंद. मग शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून दूध जाते आणि लांबच्या कोणा नातेवाइकाने पाठवलेल्या व्हिडिओवरून गहू. महिन्या-दोन महिन्यांत पाच वर्षांच्या मुलाचे ताट मऊ भात, मुगाचे वरण आणि दुधीच्या भाजीवर येऊन थांबते. सूज मात्र जिथल्या तिथे. तेवढ्यात कोणीतरी ‘फूड अ‍ॅलर्जीचे पॅनेल’ सुचवते. रक्ताची एक नळी आणि काही हजार रुपये दिले की रंगीत अहवाल हाती येतो. त्यात लाल रंगात दहा-पंधरा पदार्थ असतात आणि उरलेसुरले ताटही रिकामे होते.

या सगळ्यात वेडेपणा आहे असे म्हणून चालणार नाही. सांधा आणि जेवण यांचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. माधवनिदान या ग्रंथात ‘आमवात’ हा स्वतंत्र आजार वर्णिला आहे. त्याची कारणे सांगताना विरुद्ध आहार आणि मंद झालेला अग्नी यांना पुढचे स्थान दिले आहे. ‘माशावर दूध पिऊ नये’ हे कोकणातली आजी ज्या ठामपणे सांगते, त्यामागे हीच परंपरा उभी आहे. पाश्चात्त्य वैद्यकातही शंभराहून अधिक वर्षे हा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो. त्यामुळे ‘डॉक्टर, याला काय खायला देऊ नको?’ हा आईचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. अडचण उत्तराची आहे. हे उत्तर बहुतेकदा दवाखान्यात मिळत नाही आणि मग ते बाजारात विकत घ्यावे लागते.

आधी आजाराविषयी. लहान मुलांना संधिवात होतो यावरच अनेकांचा विश्वास बसत नाही. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील बालरुग्णालयातले जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ साली २२ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध करून दाखवले, की मुलांचा संधिवात ही मोठ्यांच्या आजाराची छोटी आवृत्ती नव्हे. आज त्याला ‘ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’, थोडक्यात जेआयए, म्हणतात. सोळाव्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरे कोणतेही कारण न सापडलेली सांध्याची सूज, अशी त्याची व्याख्या आहे. त्याचे सात प्रकार मानले जातात. कोणात एखादा गुडघा, कोणात दहा-बारा सांधे, कोणात रोज चढणारा ताप आणि अंगावर येऊन जाणारे पुरळ. किशोरवयीन मुलांत टाच, कंबर आणि खुबे धरणारा एक प्रकार आपल्याकडे बराच दिसतो. ‘इडिओपॅथिक’ या शब्दाचा अर्थच ‘कारण अज्ञात’ असा आहे. आणि जिथे कारण अज्ञात असते, तिथे कारणे सुचवणाऱ्यांची रांग लागते.

या आजारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. अ‍ॅलर्जीतही हीच यंत्रणा चुकते, पण तिची चूक वेगळी आणि हत्यारेही वेगळी. खऱ्या अन्न-अ‍ॅलर्जीत आयजीई नावाची प्रतिपिंडे एखाद्या पदार्थातल्या प्रथिनाला शत्रू समजतात. तो पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, धाप लागते आणि क्वचित रक्तदाब कोसळून जीवावर बेतते. शेंगदाणा, अंडे, दूध, कोळंबी ही त्यातली ओळखीची नावे. आठवडेच्या आठवडे सुजून राहणारा गुडघा या यादीत बसत नाही. एकाच मुलाला अ‍ॅलर्जी आणि संधिवात दोन्ही असू शकतात, जसा एखाद्याला चष्मा आणि दमा दोन्ही असतो. त्यावरून एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे ठरत नाही.

मग दुधाने सांधे सुजतात ही कल्पना वैद्यकात आली कुठून? १९८५ साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. तिचा संधिवात दूध बंद केल्यावर ओसरला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले संधिवाततज्ज्ञ रिचर्ड पानुश यांनी एका बावन्न वर्षांच्या स्त्रीवर अधिक कसोशीचा प्रयोग केला. वेगवेगळे पदार्थ सुकवून, भुकटी करून कॅप्सूलमध्ये भरले. कोणत्या कॅप्सूलमध्ये काय आहे हे ना तिला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. दुधाच्या कॅप्सूलनंतर दिवस-दोन दिवसांत तिचे सांधे खरोखरच वाढीव दुखले आणि सुजले. म्हणजे अशी माणसे असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण पानुश तिथे थांबले नाहीत, आणि हा पुढचा भाग व्हिडिओंत कधी येत नाही. ‘अमुक खाल्ले की माझे सांधे दुखतात’ असे ठामपणे सांगणाऱ्या रुग्णांना त्यांनी तशाच झाकलेल्या कॅप्सूल दिल्या. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सोळा जणांनी चाचणी पूर्ण केली. त्रास प्रत्यक्ष दिसला तो तिघांत. बाकीच्यांना तोच पदार्थ न सांगता दिला तेव्हा काहीही झाले नाही. ही माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांना दुखत होते आणि त्यांनी काहीतरी खाल्लेही होते. दोहोंची गाठ मात्र मनाने मारली होती.

नॉर्वेतला १९९१ सालचा एक प्रयोगही नेहमी पुढे केला जातो. प्रौढ रुग्णांना आधी आठवडाभराचा उपवास, मग काही महिने गहू आणि दूध वगळलेला शाकाहार, आणि पुढे दूधदुभत्यासह शाकाहार दिला. त्यांना नेहमीचे जेवण जेवणाऱ्यांपेक्षा बरे वाटले. प्रयोग चांगला होता, पण आपण काय खातो हे त्यात प्रत्येकाला माहीत होते. ‘आपल्यासाठी काही विशेष चालले आहे’ ही जाणीवच वेदना कमी करू शकते. शिवाय ती मोठी माणसे होती. मोठ्यांनी आठवडाभर उपवास करणे वेगळे आणि वाढीच्या वयातल्या मुलाला उपाशी ठेवणे वेगळे.

मुलांवरचे संशोधन त्याहून तुटपुंजे आहे. स्वीडनमध्ये जेआयए असलेल्या मोजक्या मुलांना काही आठवडे फक्त द्रवरूप वैद्यकीय आहारावर ठेवले, तेव्हा सूज कमी झालेली दिसली. आतड्यांच्या क्रोन्स आजारात हा उपाय मुलांसाठी रीतसर वापरला जातो, त्यामुळे कल्पना हवेतली नाही. आतड्यातले जिवाणू आणि सांध्यांची सूज यांचा धागा शोधणारे कामही जोरात सुरू आहे. उद्या त्यातून काही हाती लागेलही. पण ‘आतड्याचा सांध्याशी संबंध असू शकतो’ या वाक्यापासून ‘उद्यापासून याची पोळी बंद’ या वाक्यापर्यंत फार मोठी उडी आहे. संशोधकांनी ती घेतलेली नाही. विक्रेत्यांनी केव्हाच घेतली आहे.

घरोघरी हा विश्वास इतका पक्का का होतो, याचे उत्तर या आजाराच्या स्वभावात आहे. जेआयए सरळ रेषेत चालत नाही. सूज चढते, उतरते, महिनोन्‌महिने गप्प बसते आणि एखाद्या सर्दीतापानंतर पुन्हा उसळते. काही मुलांत आजार कायमचा शांतही होतो. आता विचार करा, आई-वडील दूध केव्हा बंद करतात? सूज सर्वांत जास्त असते तेव्हा. आणि सर्वांत जास्त चढलेली सूज पुढच्या काही आठवड्यांत बहुधा उतरणारच असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, श्रेय कावळ्याला जाते. त्यात मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. दरम्यान ज्या पदार्थावर गदा आली, तो दोषी ठरतो.

काही मुलांना तर जेआयए नसतोच. विषाणूजन्य तापानंतर खुब्याचा सांधा आठवडाभर दुखतो आणि आपोआप बरा होतो. चिकुनगुनियानंतर सांधे काही आठवडे त्रास देतात. आयजीए व्हॅस्क्युलायटिस नावाच्या आजारात पायांवर जांभळे पुरळ, पोटदुखी आणि घोटे-गुडघ्यांची सूज एकदम येते. बहुतेक मुलांत ते काही आठवड्यांत निवळते. या आजाराला पूर्वी ‘अ‍ॅनाफायलॅक्टॉइड परप्युरा’ म्हणत, म्हणजे डॉक्टरांनाही एके काळी तो अ‍ॅलर्जीचाच प्रकार वाटत होता. अशा मुलाचे अंडे किंवा दूध त्या आठवड्यात बंद केले असेल, तर ते घर पुढची तीस वर्षे गावभर सांगत राहते की आमच्या मुलाचे सांधे दूध सोडल्यावर बरे झाले. त्यांच्या बाजूने ते खरेच असते.

आता त्या रंगीत अहवालाकडे येऊ, कारण सर्वांत मोठी फसगत तिथे आहे. बाजारात ‘फूड इनटॉलरन्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक तपासण्या आयजीजी किंवा आयजीजी-४ ही प्रतिपिंडे मोजतात. खऱ्या अ‍ॅलर्जीतली आयजीई ही नव्हेत. एखादा पदार्थ शरीर नियमित खाते आणि त्याच्याशी जुळवून घेते, तेव्हा त्याच्याविरुद्ध आयजीजी तयार होणे स्वाभाविक आहे. म्हणून रोज गहू, दूध, तूर आणि शेंगदाणा खाणाऱ्या मराठी मुलाच्या अहवालात गहू, दूध, तूर आणि शेंगदाणाच लाल रंगात येतात. हा अहवाल मुलाचा आजार सांगत नाही. त्याच्या घरी काय शिजते ते सांगतो, आणि ते आईला फुकटातही ठाऊक होते. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट केले की अन्न-अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी आयजीजी-४ ची तपासणी करू नये. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेनेही त्याला दुजोरा दिला. तरीही या तपासण्या विकल्या जातात, घरी येऊन रक्त नेले जाते आणि सणासुदीला त्यांवर सवलतही मिळते.

आयजीई मोजणारी खरी तपासणीसुद्धा एकटी पुरत नाही. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या पदार्थाविरुद्ध आयजीई आढळले. पण तो पदार्थ खाल्ल्यावर खरोखर त्रास होणारे, म्हणजे अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता असलेले, होते जेमतेम १.२ टक्के. याच प्रकल्पातल्या भारतीय शाळकरी मुलांत तर हे प्रमाण ०.१४ टक्के इतके कमी निघाले. हजारात एक-दोन. लक्षणे नसताना केवळ रक्त पाहून पदार्थ बंद करायचे ठरवले, तर निम्मे गाव उपाशी राहील.

‘बंद केले तर बिघडले काय? औषध थोडेच आहे, साइड इफेक्ट नाही,’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. तो ऐकायला निर्धोक वाटतो, पण तसा नाही. सततची सूज हीच मुळात मुलाची वाढ खुंटवते आणि हाडे ठिसूळ करते. त्यात स्टेरॉइड सुरू असेल तर हाडांवर दुसरा घाव. अशा मुलाला कॅल्शियम आणि प्रथिने इतरांपेक्षा जपून द्यायला हवीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिलिग्रॅम आणि दहा ते बारा वर्षांच्या मुलाला ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. गाईच्या दुधाच्या एका पेल्यातून अंदाजे २४० मिलिग्रॅम मिळते. नाचणी, तीळ, राजगिरा, हाडांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे यांतून ही भर निघू शकते, पण ती आखून काढावी लागते. दूध-दही काढून त्या जागी काहीच न ठेवणे हा आहारातला बदल नव्हे, तो तुटवडा आहे. डाळींचेही तेच. आजोबांच्या अंगठ्याला युरिक अ‍ॅसिडने गाठ आली, त्यांच्या डाळी डॉक्टरांनी कमी केल्या, म्हणून नातवाच्याही बंद. लहान मुलात तो आजार जवळजवळ नसतोच. आजोबांचे पथ्य नातवाला लागू नाही.

आणखी एक गल्लत फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. जेआयए अनेकदा जबड्याचा सांधाही धरतो. तिथे सूज बाहेरून दिसत नाही आणि लहान मूल ‘जबडा दुखतो’ असे सांगत नाही. ते फक्त पोळी खायचे सोडते, भाकरी नको म्हणते, पेरूला हात लावत नाही आणि वरणभातावर खूश राहते. घरातले म्हणतात, ‘बघा, त्याच्या अंगालाच कळते, गहू सोसत नाही.’ प्रत्यक्षात चावायला दुखत असते. अशा मुलाचे तोंड पूर्ण उघडते का, उघडताना हनुवटी एका बाजूला जाते का, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो. वेळेत उपचार झाले नाहीत तर खालचा जबडा नीट वाढत नाही.

सगळ्यांत महाग पडतो तो गमावलेला वेळ, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत डोळा मोजतो. जेआयएच्या काही मुलांत डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज येते. तिला युव्हिआयटिस म्हणतात. पाश्चात्त्य देशांत दर दहा मुलांमागे एक-दोघांना ती होते. भारतीय रुग्णालयांच्या नोंदींत प्रमाण त्याहून कमी दिसते, पण ज्याला होते त्याच्यासाठी टक्केवारीचा काय उपयोग? धोका अधिक असतो तो अगदी लहान वयात एक-दोन सांधे सुजलेल्या मुलांना, विशेषतः मुलींना आणि रक्तात एएनए हे प्रतिपिंड सापडणाऱ्यांना. ही सूज लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. तीन वर्षांचे मूल ‘मला धूसर दिसते’ असे सांगत नाही, कारण त्याला तेच जग ठाऊक असते. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा बुबुळावर पांढरा पट्टा दिसू लागेपर्यंत बराच नाश झालेला असतो. हे आधी ओळखण्याचा मार्ग एकच आहे: नेत्रतज्ज्ञाकडे स्लिट लॅम्पवर तपासणी, आणि जास्त धोका असलेल्या मुलांत ती दर तीन महिन्यांनी.

इथे आहाराचा प्रश्न थेट येऊन भिडतो. डोळ्याची सूज आणि सांध्याची सूज एकमेकांच्या तालावर चालत नाहीत. गुडघा पूर्ण बरा असताना डोळा आतून जळत राहू शकतो. दूध बंद केले, गुडघा उतरला, घरात पेढे वाटले आणि डॉक्टरकडे जाणे थांबवले, अशा घरात नेमका डोळाच तपासायचा राहून जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण याहून चपखल कुठे लागू पडावी?

वेळ जाण्याचे आणखीही धोके आहेत. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात कधी कधी सांधेदुखीने होते. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पांढरे पडलेले मूल, उतरलेले वजन, रक्तातल्या पेशींची बिघडलेली मोजणी, ही त्याची खूण. क्षयानेही सांधा सुजतो. एकच सांधा एकाएकी तापून लाल झाला आणि मुलाला ताप असला, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. तिथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. दोन महिने पथ्य करून पाहू, ही चैन यांतल्या कोणत्याही आजारात परवडत नाही. पथ्याबरोबर येणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांविषयीही सावध राहायला हवे. ‘पूर्ण नैसर्गिक’ म्हणून दिलेल्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. त्याने दोन दिवसांत मूल धावू लागते, सगळे थक्क होतात, आणि आत दडलेला कर्करोग मात्र तपासणीत काही काळ झाकला जातो.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण काही मुलांत उत्तर खरोखर ताटातच असते. सिलिअ‍ॅक आजारात गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याच्या अस्तराचा नाश होतो. जेआयए असलेल्या मुलांत हा आजार इतर मुलांपेक्षा अधिक आढळतो, आणि काही वेळा त्याचे पहिले लक्षण सांधेदुखी असते. ही अ‍ॅलर्जी नव्हे, हाही स्वतःवर उलटण्याचाच प्रकार. उंची खुंटलेली, रक्त कमी, पोट फुगलेले, जुलाब होणारे सांधेदुखीचे मूल असेल तर ही तपासणी झालीच पाहिजे. पण त्यात एक मेख आहे. तपासणी होईपर्यंत गहू चालू ठेवावा लागतो. आधीच पोळी बंद केली तर रक्तातली प्रतिपिंडे उतरतात, अहवाल खोटाच ‘नॉर्मल’ येतो आणि जन्मभर पाळायचे पथ्य गरजेचे आहे की नाही हे कळतच नाही. म्हणजे घाईने केलेले पथ्य खऱ्या पथ्याच्याच मुळावर येते. वारंवार तोंड येणे, शौचातून रक्त, घटते वजन आणि सांधेसूज हे एकत्र दिसले तर क्रोन्ससारखा आतड्याचा आजार शोधावा लागतो. हे दोन्ही शोध पोटाच्या आजारांचे बालतज्ज्ञ लावतात. दुकानातले पॅनेल नाही.

मग डॉक्टरांचे काय? या गोंधळातला त्यांचा वाटा लहान नाही. ‘खाण्याचा काही संबंध नाही, सगळे खाऊ द्या’ असे मान वर न करता सांगितलेले वाक्य वैद्यकीयदृष्ट्या बरेचसे बरोबर असते, पण ते आईला परत पाठवते ते थेट व्हॉट्सअ‍ॅपच्या दारात. आपल्याकडे मुलाच्या प्रत्येक दुखण्याचा पहिला जाब आईला द्यावा लागतो. ‘गरोदरपणात काय खाल्लेस?’, ‘आंबट देत असशील’. ज्या आजाराचे कारण विज्ञानालाच पुरते सापडलेले नाही, त्याचे खापर तिच्या पोळपाटावर फुटते. तिला दोन गोष्टी स्पष्ट ऐकायच्या असतात. एक, हा आजार तिच्या स्वयंपाकामुळे झालेला नाही. दोन, तिच्या हातात करण्यासारखे काहीतरी आहे. आधुनिक वैद्यक पहिली गोष्ट सांगायला विसरते आणि बाजार दुसरी गोष्ट विकतो.

डॉक्टरांच्या चुका तेवढ्यावर थांबत नाहीत. ‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह आला म्हणून ‘संधिवात नाही’ असे सांगून पाठवलेली मुले कितीतरी आहेत, वास्तविक जेआयएच्या बहुसंख्य मुलांत तो निगेटिव्हच असतो. घशाच्या संसर्गाची खूण सांगणारा एएसओचा आकडा वाढलेला दिसला म्हणून वर्षानुवर्षे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनची सुई टोचून घेणारीही आहेत. आजार नीट ओळखला गेला नाही, उपाय लागू पडला नाही, की माणूस ताटाकडे वळणारच. बालसंधिवाताचे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत हेही खरे. चंद्रपूर किंवा नंदुरबारच्या पालकांना मुंबई-पुण्याची एक फेरी म्हणजे तीन दिवसांची मजुरी आणि भाड्याचे पैसे. त्यामानाने दूध बंद करणे स्वस्त.

उपचार मात्र आज आहेत, आणि ते चांगले आहेत. १९९२ साली अमेरिका आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या डॉक्टरांनी मिळून केलेल्या चाचणीत मेथोट्रेक्सेटचा कमी डोस मुलांत उपयोगी पडतो हे सिद्ध झाले. ते जुने, स्वस्त औषध आजही उपचाराचा कणा आहे. ते आठवड्यातून एकदाच द्यायचे असते. चुकून रोज दिले तर जीवावर बेतते, म्हणून घरातल्या कॅलेंडरवर वार ठरवून खूण करावी. त्याने भागले नाही तर बायोलॉजिक औषधे आहेत. ती महाग असली तरी भारतीय कंपन्यांच्या आवृत्त्यांमुळे पूर्वीइतकी अप्राप्य राहिलेली नाहीत. एके काळी या आजाराची मुले चाकाच्या खुर्चीत दिसत. वेळेत औषध मिळालेली आजची मुले खो-खो खेळतात.

हे सगळे चालू ठेवूनही एखाद्या पालकाला खात्रीच वाटत असेल की अमुक एका पदार्थाने सूज वाढते, तर त्याला हसण्यापेक्षा त्याची रीतसर परीक्षा घ्यावी. एका वेळी एकच पदार्थ. दोन-तीन आठवडे बंद, तेही आजार आणि औषधे स्थिर असताना, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाला सांगून. वहीत रोज दोन नोंदी: सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला किती मिनिटे लागली, आणि मूल जिना कसे चढले. आधी आणि नंतर सुजलेले सांधे डॉक्टरांनी मोजायचे, आजीने नव्हे. मग तो पदार्थ परत सुरू करायचा आणि पुन्हा पाहायचे. बहुतेक घरे इथेच चुकतात. बंद करतात, परत सुरू करत नाहीत. परत दिल्यावर तोच त्रास पुन्हा झाला नाही, तर तो पदार्थ निर्दोष सुटला. झाला, तर आणखी एकदा पाहून मग बोलावे. आणि ‘काय देऊ?’ या प्रश्नाचे उत्तर इतके साधे आहे की त्याचा व्हिडिओ होत नाही: घरचे ताजे सगळे, दूध-दही, डाळी, अंडे किंवा मासे, हिरव्या भाज्या, नाचणी, एखादे फळ. बांगडा, जवस, अक्रोड यांतल्या ओमेगा-३ स्निग्धांशाने मोठ्यांच्या सांधेदुखीत थोडा फरक पडलेला दिसतो. ते जरूर द्यावे, पण औषधाऐवजी नव्हे.

जी मुले आधीच वर्ष-वर्ष पथ्यावर आहेत त्यांच्या बाबतीत एक काळजी घ्यावी लागते. एखादा पदार्थ शरीर नियमित खाते तोवर त्याला तो ओळखीचा राहतो. तो दीर्घकाळ तोडला तर ही सहनशीलता जाऊ शकते. २०१५ साली ब्रिटनमध्ये अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या ६४० बालकांवर केलेल्या चाचणीत शेंगदाणा टाळणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, लहानपणापासून खाणाऱ्यांत ती सुमारे ३ टक्के. इसब असलेल्या काही मुलांत तर केवळ रक्ताच्या अहवालावरून दूध किंवा अंडे काही महिने बंद ठेवले आणि पुन्हा देताच पहिल्यांदा खरी, तीव्र अ‍ॅलर्जी उठली, असेही नोंदले गेले आहे. म्हणून ज्या मुलाला इसब किंवा दमा आहे, ज्याला पूर्वी कधी गांधी उठल्या आहेत किंवा ज्याच्या रक्तात त्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडले आहे, त्याचे अनेक महिने थांबवलेले दूध एका सकाळी पेलाभर देऊन सुरू करू नये. पहिले दोन चमचे दवाखान्यात, डॉक्टरांच्या समोर, आणि मग दोन तास तिथेच थांबायचे.